रेगेकाकांचा रविवारचा फेरा

रेगेकाकांइतकी मनापासून किळस दुसऱ्या कुणाला आलेली मी पाहिली नाही. किळस आपल्यालाही येते, पण आपण नाक मुरडतो आणि पुढे जातो. काका थांबायचे. सायकलवरून उतरायचे, स्टँड लावायचे, कमरेवर हात ठेवून त्या घाणीकडे नीट, सावकाश बघायचे, आणि मग अगदी बेंबीच्या देठापासून म्हणायचे, "शी!" येणारेजाणारे घाणीकडे बघायचे नाहीत, काकांकडे बघायचे. घाण काय, ती रोजचीच होती.

ते आमच्या शेजारच्या दारात राहायचे, वसईला, स्टेशनच्या पश्चिमेला. नोकरी मुंबईतल्या एका साबणाच्या कारखान्यात, आणि तिथलं काम म्हणजे वास घेणं. साबणाचा प्रत्येक घाणा काकांच्या नाकाखालून गेल्याशिवाय वेष्टनात जायचा नाही. त्या नाकाला ते गवयाच्या गळ्यासारखं जपायचे. सिगरेट नाही, तपकीर नाही, कामाच्या दिवशी सकाळी कच्चा कांदा नाही. निवृत्त झाले तेव्हा नाकाला एकाएकी काम उरलं नाही. मग काकांनी ते वसई-विरारच्या रस्त्यांना लावलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि त्या रस्त्यांवर नाकाला कामाचा तोटा नव्हता.

मी तेव्हा विरारच्या एका शाळेत शिकवत होते. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, हे काकांच्या कानावर गेलं.

"चालायला काय, म्हशीपण चालतात," ते म्हणाले. "सायकल आहे ना तुझी? मग काढ ती. रविवारी सकाळी खाली ये."

अशी मी त्या रविवारच्या फेऱ्यात ओढली गेले. काकांची काळी, उंच, दणकट सायकल, माझी दांडा नसलेली जुनी लेडीज सायकल, आणि दुसऱ्या मजल्यावरचा समीर, नुकताच नोकरीला लागलेला इंजिनियर, त्याची गिअरची चकचकीत सायकल. त्या गिअरकडे काका असं बघायचे, जणू समीर तीन चाकांची सायकल घेऊन आलाय.

फेऱ्याचा नियम एकच होता. गेल्या वाटेनं परत यायचं नाही. रस्ता खराब असो, लांबचा असो, पायात गोळे येवोत, परतीची वाट वेगळीच हवी. अर्नाळ्याला समुद्राच्या रस्त्यानं गेलो तर परत केळीच्या वाड्यांमधून. मी एकदा विचारलं की हे काय खूळ आहे, तर म्हणाले, "आल्या वाटेनं परत जातात ते घाण्याचे बैल." घाण्याचा बैल गोल फिरतो, परत फिरत नाही, हे मी शाळेतल्या सवयीनं सांगायला गेले. काकांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

हा माणूस स्वतः मात्र फार स्वच्छ होता असं कुणी समजू नये. ते रस्त्यावर कागदाचा कपटासुद्धा टाकायचे नाहीत, आणि म्हणून सगळं स्वतःच्या खिशात कोंबायचे. केळ्याच्या साली, शेंगांची टरफलं, चघळून झालेली आवळ्याची बी, सगळं पँटच्या उजव्या खिशात. घरी पोचेपर्यंत उन्हानं त्याचा काला व्हायचा. ज्या नाकानं साबण पास-नापास केले त्याच नाकाला हा खिसा कसा चालायचा, देव जाणे. रेगेकाकू म्हणायच्या, "यांची पँट मी चिमट्यानं उचलते. एकदा खिशात हात घातला आणि दिवसभर जेवण गेलं नाही मला." काका त्यावर म्हणायचे, "माझी घाण माझ्याजवळ आहे ना? मग तर झालं." हे वाक्य ते फार अभिमानानं म्हणायचे. मला त्या खिशाची किळस यायची, आणि वाक्य मात्र पटायचं.

एकदा आम्ही विरार पूर्वेला गेलो. चंदनसारला एक भलामोठा फलक उभा होता. डोंगराच्या कुशीत, निसर्गाच्या सान्निध्यात, वगैरे. त्यावर हिरवागार डोंगर, धबधबा आणि बगळे. फलकाच्या बरोबर मागे खरा डोंगर होता आणि त्याचं पोट फाडून काढलं होतं. लाल माती भळाभळा वाहिल्यासारखी रस्त्यावर आली होती. काका उतरले. स्टँड लावला. फलक पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यांदा वाचला, मग मान उचलून मागे बघितलं आणि म्हणाले, "शी!"

पत्र्याच्या केबिनमधून टाय लावलेला एक मुलगा हसत बाहेर आला. "काका, फ्लॅट बघायचाय का? सँपल रेडी आहे."

"डोंगर बघायला आलो होतो."

"डोंगर पण दिसतो ना काका. किचनच्या खिडकीतून फुल व्ह्यू आहे."

"कुठला? हा? हा तुमचं किचन होईपर्यंत उरणार आहे का?"

मुलगा हसतच राहिला. त्याला तेवढ्याचाच पगार होता. आम्ही तसेच पुढे चांदीपकडे गेलो. तिथे शेतं होती आणि हवा होती, आणि काका जरा निवळले. पण परतायची जी गाडीवाट त्यांनी ठरवली होती तिच्यावर कुण्या मुंबईवाल्यानं फार्महाऊसचं फाटक घातलेलं निघालं. समीर म्हणाला, "चला ना काका, आल्या रस्त्यानं जाऊ, अर्ध्या तासात घरी." काकांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सायकल खांद्यावर घेतली आणि सरळ भाताच्या बांधावर चढले. मग आम्हीही. समीरची गिअरची सायकल त्याच्या खांद्यावर, माझी निम्मी माझ्या आणि निम्मी काकांच्या हातात, खाली चिखल, आणि माझी एक चप्पल अजूनही चांदीपच्या शेतात कुठेतरी असणार. पलीकडच्या रस्त्याला लागल्यावर काका चिखलानं गुडघ्यापर्यंत माखले होते आणि त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता. फेरा मोडला नव्हता.

सगळ्यांत आवडता फेरा मात्र पाचूबंदराचा. किल्ल्याच्या बाजूनं जायचं, जेट्टीवर मासळीचा लिलाव बघायचा, चहा प्यायचा. समीर पहिल्यांदा आला त्या दिवशी बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. लांबूनच त्यानं रुमाल काढला आणि नाकाला लावला. काकांनी करकचून ब्रेक दाबले.

"रुमाल खिशात ठेव."

"काका, वास बघा ना काय येतोय."

"कसला येतोय? नीट घे आणि सांग."

"मासळीचा. कुजक्या."

"कुजक्या? गाढवा, ताजे बोंबील उन्हात वाळतायत. हा कामाचा वास आहे. रुमाल आपल्या बिल्डिंगच्या मागच्या गटारापाशी काढ, तिथे कामाला येईल."

मांडवापाशी मार्थाबाय बसली होती. तिच्याकडूनच काकू सुके बोंबील घ्यायच्या. तिनं मान वर करून समीरला न्याहाळलं. "कोन हाय ह्यो तोंड बांधून आलेला? आनि काय फासून आलाय? लांब उभा ऱ्हा रे बाबा, तुज्या सेंटाचा वास माज्या बोंबलांना लागंल. मंग कोन घेईल?"

काका खो खो हसले. त्यांना असं हसताना मी फार कमी वेळा पाहिलं. समीरनं रुमाल खिशात घातला तो पुन्हा काढला नाही.

परतताना आम्ही गावातला रस्ता सोडायचो आणि खाडीच्या बाजूनं मिठागराच्या बांधावर चढायचो. एका हाताला मिठाच्या वाफ्यांतलं उभं पाणी, दुसऱ्या हाताला तिवरांची झाडी, मधे जेमतेम सायकल जाईल एवढी मातीची वाट. बोलायचं नाही, कारण बोललात तर तोल जातो. या एका वाटेवर काका कधी "शी" म्हणाले नाहीत. नाक वर, ओठ मिटलेले, असे जायचे. कारखान्यात म्हणे एकदा समुद्राच्या वासाचा साबण करायचं निघालं होतं. मोठमोठ्या लोकांनी डोकी लावली. "आणि शेवटी काय झालं?" काका सांगायचे, "वास आला तो धुतलेल्या संडासाचा. मी त्यांना म्हणत होतो, माझ्याबरोबर रविवारी वसईला चला. कुणी आलं नाही."

हा बांध होता म्हणून फेरा पुरा व्हायचा. दोन हजार साल उजाडलं आणि पुढची चारपाच वर्षं गेली तोवर बाकीच्या परतीच्या वाटा एकेक करून गेल्या होत्या. कुठे फाटक, कुठे चाळी, कुठे नुसता उकिरडा. केळीच्या वाडीतल्या वाटेवर तर मंगल कार्यालयाच्या उष्ट्या पत्रावळी आणून ओतायचे, आणि त्यावर माशा अशा बसलेल्या असायच्या की काळं कापड पसरलंय असं वाटावं. मला तिथे उलटी झाली होती. काका म्हणाले, "जाऊ दे. बांध आहे ना आपला." सगळ्या वाटांची भरपाई ते त्या एका वाटेकडून मागत होते.

मग बांधाच्या तोंडाशी ढिगारे दिसायला लागले. घरांच्या तोडफोडीचा माल. कंत्राटदार त्याला रॅबिट म्हणतात. विटांचे तुकडे, सिमेंट, फुटके संडास, लाद्या. आज एक ढीग, पुढच्या रविवारी त्याच्या पलीकडे दुसरा. तिवरांची मुळं त्याच्याखाली गुदमरून काळी पडलेली आणि मधे साचलेल्या पाण्यावर तेलाचा तवंग. तिथे पहिल्यांदा काका त्या बांधावर "शी" म्हणाले. इतक्या मोठ्यानं की वाफ्यातले पक्षी उडाले.

मिठागरावर हरीमामा म्हणून म्हातारा गडी होता. आयुष्यभर मीठ ओढलेला, पायांच्या टाचा भेगाळलेल्या. तो म्हणाला, "काका, भरतीचं पानी आता आत येत नाय. वाटच बुजवली ना. पानी नाय तं मीठ कशाचं?"

"कोण टाकतं हे? मला दाखव फक्त."

"रोज येतात. आज बी येतील. उभे ऱ्हावा."

आम्ही उभे राहिलो. खरंच डंपर आला आणि बांधाकडे मागे मागे यायला लागला. काकांनी आपली सायकल बांधाच्या तोंडावर आडवी लावली आणि सायकलीपुढे स्वतः उभे राहिले. डंपर हातभर अंतरावर थांबला.

"अंकल, साइड हो जाओ."

"मैं नहीं हटेगा! ये खाडी है, तुम्हारे बाप का मोरी नहीं है!"

ड्रायव्हर खाली उतरला. गळ्यातल्या गमछ्यानं मान पुसली. चिडलाही नाही. "अंकल, मैं अपने घर से लाता हूँ क्या? आप ही लोग का माल है. वो मंदिर के सामने वाली पीली बिल्डिंग है ना, ये सब उधर का है."

मंदिरासमोरची पिवळी बिल्डिंग म्हणजे आमचीच.

"झूठ!" काका ओरडले. "साफ झूठ!" आणि ते तरातरा आदल्या आठवड्याच्या ढिगावर चढले, जणू तिथूनच पुरावा काढून त्याच्या तोंडावर फेकणार होते. वर जाऊन वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मी जवळ गेले तर त्यांच्या हातात अर्धी फुटलेली फिकट हिरवी लादी होती, पांढऱ्या फुलाची. तिच्यावर सफरचंदाचं एक स्टिकर होतं, अर्धवट खरवडलेलं.

ते स्टिकर मला माहीत होतं. काकांच्या लेकीनं, अश्विनीनं, लहानपणी ओट्यामागच्या लादीवर चिकटवलेलं, निघता न निघालेलं. अश्विनीचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि दिवाळी तोंडावर आली म्हणून काकूंनी नुकतंच स्वयंपाकघर नवं करून घेतलं होतं. कंत्राटदार म्हणाला होता, "माल आम्हीच उचलतो, तुम्हाला ताप नाही." त्यानं उचलला होता.

काकांनी ती लादी नाकाशी नेली. मला वाटलं, आता "शी" म्हणतील. नाही म्हणाले. त्यांच्या नाकाला त्यात काय सापडलं असेल, फोडणी, वर्षानुवर्षांची माशांची कढी, मला माहीत नाही. फक्त म्हणाले, "आमचंच आहे."

हरीमामा खालून बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "काका, टाकायला बी तुमीच आनि नाक दाबायला बी तुमीच. आमी कुनाला बोलू?"

काका उतरले. सायकल बाजूला घेतली. डंपर मागे आला आणि त्यानं माल ओतला. धूळ आमच्या तोंडात गेली, त्यात जुन्या मोरीचा ओला वास होता. ती मोरीही आमच्याच बिल्डिंगमधल्या कुणाची तरी होती.

पुढच्या रविवारपासून काकांनी एक अजब काम काढलं. कॅरियरला गोणपाट बांधायचे, ढिगात शोधून आपल्या हिरव्या लाद्या वेचायचे आणि घरी आणायचे. खिशातल्या केळ्याच्या सालींसारख्या. दर रविवारी थोड्या. त्या बाल्कनीत रचून ठेवायचे. लाद्यांना खाडीचा काळा चिखल लागलेला, ऊन लागलं की जिन्यापर्यंत घाण यायची. काकू रडकुंडीला आल्या. मला म्हणाल्या, "लेकीला फोनवर काय सांगू गं? बाबा स्वयंपाकघर परत आणतायत म्हणून?"

मग सोसायटीचे सेक्रेटरी पाटकर वर आले. मी काकूंच्या दारातच उभी होते.

"रेगेसाहेब, लोकांच्या तक्रारी आहेत. वास येतो. शिवाय स्लॅबवर लोड येतोय."

"मग कुठे टाकू, सांगा."

"कुठेही टाका हो. बाहेर जागा काय कमी आहे?"

"बाहेर म्हणजे कुठे?"

पाटकर हसले. म्हाताऱ्या माणसाकडे बघून हसतात तसे. "बाहेर म्हणजे बाहेर," ते म्हणाले आणि इस्त्रीच्या सदऱ्याला कुठे लागू नये म्हणून अंग चोरत जिना उतरले. त्या माणसाची मला तेव्हा जी शिसारी आली ती खाडीवरच्या कुठल्याही ढिगाऱ्याची आली नव्हती. आणि वाईट हे की बिल्डिंगमधल्या सगळ्यांना त्याचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. समीरलासुद्धा. तो तेव्हा मोटारसायकल घ्यायच्या विचारात होता.

काकांच्या सगळ्या लाद्या काही मिळाल्या नाहीत. त्यांच्यावर दुसऱ्यांची स्वयंपाकघरं येऊन पडत होती. एका रविवारी ते रिकामं गोणपाट घेऊन आले आणि मग ते काम थांबलं. त्यानंतर काकांच्या तोंडून "शी" ऐकू यायचं बंद झालं. घाणीपाशी ते आता थांबायचेच नाहीत, खाली मान घालून पायडल मारायचे. मला ते बघवेना. मग मीच म्हणायला लागले, त्यांच्यासारखं, पोटातून. ते ऐकून काका एकदा म्हणाले, "अगं, हळू म्हण." पण बांधावरून ते अजूनही जायचे. ढिगाऱ्यांवरून सायकल उचलून, पलीकडे उतरून, फेरा पुरा करून यायचे.

पुढे आम्ही विरारला, चंदनसारला घर घेतलं. होय, तिथेच. माझ्या किचनच्या खिडकीतून डोंगराचा उरलेला तुकडा दिसतो. वसईचे रविवार सुटले.

काही वर्षांनी एका रविवारी सायकल काढली आणि बोंबील आणायला पाचूबंदरला गेले. मार्थाबायचा मांडव आता तिची सून सांभाळत होती. परतताना जुन्या सवयीनं बांधाकडे वळले. बांध नव्हता. उंच निळे पत्रे लागले होते, ते थेट खाडीपर्यंत. फाटकापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर वॉचमन, आणि त्याच्यासमोर काका. पाठ वाकलेली, डोक्यावर टोपी, हातात तीच काळी सायकल.

"उस पार निकलेगा मैं. जाने दो. बस जाने का है."

"उस पार कुछ नहीं है अंकल. रास्ता ही नहीं है. इधर टॉवर बनेगा."

काकांनी वाद घातला नाही. दोन पत्र्यांमधे बोटभर फट होती, तिथे गेले आणि नाक लावून उभे राहिले. वॉचमन माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं हात खाली घेतला.

मग काका मागे आले. सायकलचं मागचं चाक उचललं आणि तोंड फिरवलं, ज्या रस्त्यानं आले होते त्या रस्त्याकडे. तेव्हा मी त्यांना दिसले.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"बघितलंस?"

मी हो म्हटलं.

"कुणाला सांगू नकोस," काका म्हणाले. "तुझ्या काकूला पण नको. ती समजते, मी अजून पलीकडून येतो."

"नाही सांगत, काका."

ते सायकलवर चढले. मलाही त्याच रस्त्यानं जायचं होतं, दुसरा होताच कुठे? पण ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी माझी सायकल फिरवली नाही.